लहान प्रोग्रॅमलाही डीबग सिम्बॉल हवेतच

‘एवढ्याशा प्रोग्रॅमचा बग कळवायला डीबग सिम्बॉल कशाला?’ असं काहीजण विचारतात, ते मला पटत नाही. डीबग सिम्बॉल म्हणजे चालू प्रोग्रॅममधले पत्ते मूळ कोडमधल्या फंक्शनांशी आणि ओळींशी जोडणारी माहिती. लेबल चुकलंय, भाषांतर बिघडलंय, तिथे ते नकोतच. पायथनचा प्रोग्रॅम असेल तर त्याचा ट्रेसबॅक (चूक कोणत्या ओळीत झाली हे सांगणारा मजकूर) बहुधा पुरतो. पण सी किंवा सी++ मधला प्रोग्रॅम क्रॅश होत असेल तर? कोड छोटा असला तरी तो जीटीके, जीलिबसी अशा लायब्रऱ्यांवर (इतरांच्या तयार कोडवर) उभा असतो आणि कोसळतो पुष्कळदा त्यांच्या पोटात. सिम्बॉल नसतील तर जीडीबी या डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) नुसते मेमरीतले पत्ते आणि प्रश्नचिन्हं दिसतात. असतील तर फंक्शन, फाइल, ओळ सगळं मिळतं, आणि रिकामा पॉइंटर कोणी पुढे ढकलला तेही बऱ्याचदा कळतं. ज्याच्याकडे तो क्रॅश होतच नाही, त्या डेव्हलपरला दुसरा आधार काय?

शिवाय आता सगळं नव्याने कंपाइल करत बसावं लागत नाही. डेबियन या लिनक्समध्ये स्ट्रेच आवृत्तीपासून (२०१७) बहुतेक पॅकेजांचे सिम्बॉल वेगळ्या पॅकेजात तयार मिळतात. जीडीबी १० पासून तर सिम्बॉल पुरवणाऱ्या डीबगइन्फोडी सर्व्हरचा पत्ता दिला की ते आपोआप उतरतात.

फक्त व्हेरिएबलांच्या किमतींसह पूर्ण बॅकट्रेस देणार असाल तर आधी नीट वाचा. त्यात पासवर्डही असू शकतो.