कर्जावरचा ब्लॅक कॉमेडी थ्रिलर: व्याजाचं गणित कुणी तपासतं का?

पटकथेचा_हमाल
परवा इथेच एका सद्गृहस्थांनी लिहिलं: 'कर्ज आणि बॅड लक हा हिंदी-मराठी द्विभाषिक ब्लॅक कॉमेडीचा हमखास फॉर्म्युला. हिरोच्या डोक्यावर कर्ज टाका, मागे पनवती लावा, पब्लिक हसतं. हिशेब बघायला कुणी तिकीट काढत नाही. आणि द्विभाषिक म्हणजे काय, एकदा शूट, दोनदा डब.' सोडून देणार होतो. पण खाली 'एकदम बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली, तेव्हा बोटं शिवशिवली.

आधी हिशेब. पाच लाखांचे सहा महिन्यांत पन्नास लाख झाले, असं आपल्या पटकथांमध्ये बिनदिक्कत लिहितात. शेकडा दहाने, म्हणजे महिन्याला दहा टक्के, वर व्याजावर व्याज धरलं तरी सहा महिन्यांत ५ लाखांचे ८ लाख ८६ हजार होतात. वर्षाने १५ लाख ६९ हजार. पन्नास गाठायला महिन्याला ४७ टक्के दर लागेल. असा सावकार बाजारात टिकत नाही, कारण एवढं वसूलच होत नाही.

खरं रस्त्यावरचं कर्ज बघा. मागितले १०,०००. हातात साडेआठ, दीड आधीच कापले. मग रोज १०० रुपये, १०० दिवस. कागदावर 'व्याज' हा शब्दच नाही. मुद्दल रोज उतरतंय हे धरून दर काढा, वर्षाला सव्वाशे टक्क्यांच्या आसपास जातो. आता वडापावच्या गाडीवाल्याने हे कर्ज १ जूनला उचललं तर शंभरावा दिवस येतो ८ सप्टेंबरला. जवळजवळ अख्खा पावसाळा आत! ज्या दिवशी रुळांवर पाणी, त्या दिवशी स्टेशनबाहेर गिऱ्हाईक नाही, गल्ल्यात चाळीस रुपये, आणि रोजची वसुली लिहून घेणारा डायरीवाला पोरगा छत्री घेऊन हजर. याला मी बॅड लक म्हणतो. पटकथांमध्ये हमखास येणारी दोन सारख्या बॅगांची अदलाबदल हा आळस आहे. पनवती तारखेतून यायला हवी, आभाळातून नाही.

चौपाटीचा_भेळवाला
हमालसाहेब, सिनेमा दाखवायचाय की सीएची परीक्षा घ्यायचीय? 'मुद्दल रोज उतरतंय हे धरून' या वाक्यावरच अर्धं थिएटर पॉपकॉर्न आणायला उठेल.

नियम साधा आहे, आणि तो तुम्हालाही पाठ असणार. योगायोगाने हिरो खड्ड्यात पडला तर चालतं, योगायोगानेच बाहेर आला तर चालत नाही. सारख्या बॅगा पहिल्या वीस मिनिटांत बदलल्या, खुशाल बदला. पन्नास लाख हा आकडा नसतो, तो आवाज असतो. 'आठ लाख शहाऐंशी हजार' म्हणणारा व्हिलन कुणाला घाबरवणार? तो एलआयसी एजंट वाटतो.

चेक_रिटर्न_१३८
व्याज सोडा. माझं रक्त उसळतं ते चेक बाउन्सच्या सीनला. चेक परतला, दुसऱ्या दिवशी हवालदार दारात, बेड्या. अरे, चेक परतला की लागतं ते निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, त्याला पोलीस असे धरायला येत नाहीत. ती मॅजिस्ट्रेटपुढची खासगी तक्रार असते, जामीनपात्र.

क्रम असा. चेक परतल्याचा मेमो बँकेकडून मिळाला की ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे भरायला. नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. चेकचं आयुष्य ३ महिने. यातली एक तारीख चुकली की सावकारच अडकला. लेखकांना आयतं घड्याळ मिळालंय आणि हे सोडतायत पिस्तुलं.

अजून एक. हिरो पोस्टमनला दार उघडत नाही. नोटीस घेतली नाही म्हणजे सुटलो, अशा खुशीत पंधरा दिवस कडी लावून घरात बसतो. पत्ता बरोबर असेल तर ती नोटीस पोचली असंच कोर्ट धरतं! म्हणजे हा आत बसून स्वतःचेच १५ दिवस जाळतोय. बँकेला स्टॉप पेमेंट सांगितलं तरी सुटका नाही, देणं खरं असेल तर १३८ लागतंच.

पटकथेचा_हमाल
कडी लावून बसलेला हिरो! बघा भेळवाले, याला म्हणतात विनोद. एकही बॅग बदलली नाही.

चौपाटीचा_भेळवाला
पंधरा दिवस बंद खोलीत बसलेला माणूस. वा. थ्रिलर आहे की विपश्यना?

आणि १३८ साहेब, तुमचा सावकार बिनपरवान्याचा असणार. तो कशाला मरायला कोर्टात जाईल?

चेक_रिटर्न_१३८
जातो ना, तीच तर गंमत. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्ज दिलं तर परवानाधारकालासुद्धा वर्षाला १८ टक्क्यांवर घेता येत नाही, तारण असेल तर १५. शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना धंद्याला ५ वर्षांपर्यंत कैद. म्हणून कर्ज देताना तो सही केलेला कोरा चेक ठेवून घेतो. बिनसलं की त्यावर हवा तो आकडा टाकतो आणि कोर्टात म्हणतो, 'मित्राला हातउसने दिले होते.' सही खरी आहे म्हटल्यावर कायदा तो चेक खरं देणं फेडायलाच दिलाय असं आधी गृहीत धरतो, उलट सिद्ध करायचं ओझं हिरोवर. ज्याने आपला गळा धरलाय तो कोर्टात आपला जिवलग मित्र. याहून काळा विनोद कुठून आणणार?

बूमवाला
हिशेब तुम्ही बघा. मूळ पोस्टमधलं 'एकदा शूट, दोनदा डब' वाचून हेडफोन फेकावासा वाटला.

या सिनेमात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता? मराठीत व्याज, हिंदीत ब्याज. 'ब' म्हणताना ओठ मिटतात, 'व' ला मिटत नाहीत. हिंदीत शूट करून मराठी चढवलंत की सावकाराच्या क्लोजअपमध्ये ओठ मिटलेले आणि आवाज मात्र 'व्याऽज'. मोठ्या पडद्यावर हे डोळ्यांत खुपतं, माणसाला कारण सांगता येत नाही पण सीन खोटा वाटतो. प, फ, ब, भ, म हे पाच आले की डबिंगवाल्याचा घाम. 'बुडालो'ला ओठ सुरुवातीला मिटतात, 'डूब गया'ला मध्ये. 'मेलो' आणि 'मर गया' चालून जातं. 'माझे पैसे दे' आणि 'मेरे पैसे दे' जवळजवळ एकच. 'कर्ज' तर दोन्हीकडे सारखाच, म्हणून हुशार संवादलेखक क्लोजअपला 'कर्ज' ठेवतो आणि 'व्याज' पाठमोऱ्या शॉटला ढकलतो.

शिवाय लोकेशनचा आवाज. लालबागच्या चाळीत शूट केलंत तर प्रत्येक जागेचा, कुणी बोलत नसतानाचा, अर्धा मिनिट नुसता सुना आवाज डबिंगखाली घालायला घेऊन ठेवावा लागतो, नाहीतर डब केलेली वाक्यं बाथरूममधून आल्यासारखी वाटतात. हे घ्यायला कुणाला वेळ नसतो. 'चल पुढे, पोस्टमध्ये (म्हणजे शूटनंतरच्या कामात) बघू.' पोस्टमध्ये काय डोंबल बघणार?

चौपाटीचा_भेळवाला
दादा, सहा इंची मोबाइलवर गाडीत उभं राहून बघतात लोक. ओठ मिटले की उघडे, कोण मोजतंय? दुप्पट शूट म्हणजे दुप्पट खर्च. कर्जावरचा सिनेमा काढता काढता निर्माताच कर्जात.

कंटिन्युइटी_ताई
दुप्पट कशाला होईल? लांबचे शॉट, पाठमोरे, पळापळ, मारामारी, संवाद नसलेलं सगळं एकदाच. ओठ दिसतात तेवढंच दोनदा, त्याच लाइटमध्ये, लागोपाठ. क्लॅपच्या पाटीवर सीनच्या नंबरापुढे भाषेचं अक्षर टाकायचं, नाहीतर एडिटर शिव्या घालतो. पाट्या, पेपर, मोबाइलचा स्क्रीन यांचे इन्सर्ट, म्हणजे जवळून घेतलेले शॉट, वेगळे.

खर्च वाढतो तो चुकांनी. पहिल्या भाषेत टेक ओके झाला, कटिंग अर्धा ग्लास उरला. दुसऱ्या भाषेचा टेक सुरू करताना स्पॉटदादाने प्रेमाने ग्लास भरला. तीच गत सिगरेटची, तीच मेजावरच्या नोटांच्या थप्पीची. आणि नट दुसऱ्या भाषेत अर्धा सेकंद आधी वळतो, कारण वाक्य लहान. मग लांबचा शॉट दोन आवृत्त्यांपैकी एकीलाच जुळतो. म्हणून संवादलेखक दोन असले तरी वाक्याची लांबी एकत्र बसून ठरवावी लागते. हे तंत्र आजचं नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' असंच दोन भाषांत केलं.

लालबागची_मिरची
ओठांवर प्रबंध लिहून झाला असेल तर कोण काय बोलतं तेही बघा. हिंदी आवृत्तीत मराठी बोलणारे कोण? हवालदार, कामवाली आणि वसुलीला येणारा टपोरी. हिरो शुद्ध हिंदी, हिरॉइन शुद्ध हिंदी, आणि 'ए भाऊ, पैशे कदी देतो' म्हणत कॉलर धरणारा तेवढा आपला. मराठी आवृत्तीत मात्र तोच हिरो आपोआप कोकणातला होतो. म्हणजे माणूस एकच, लाज भाषेप्रमाणे बदलते. हे तुमच्या तंत्रात कुठे बसतं?

चौपाटीचा_भेळवाला
आली! अस्मिता आली! धागा व्याजाचा, पण मिरचीताईंना मराठीवर अन्याय दिसल्याशिवाय चहा गोड लागत नाही. वसुलीवाला काय फ्रेंच बोलणार आहे का परळमध्ये?

लालबागची_मिरची
मला ताई म्हणू नका, मी तुमची कुणी लागत नाही. आणि मुद्दा वाचा. वसुलीवाला मराठी असू दे की! सावकारही मराठी असू दे, वकीलही, फसवणारी बाईही. फक्त हाणामारीचं खातं आम्हाला का? १९४१ मध्ये शांतारामबापूंनी 'शेजारी' आणि 'पडोसी' केले. मराठीत हिंदू म्हातारा केशवराव दाते, हिंदीत तीच भूमिका मझहर खान यांना. आणि दोन्हींत मुसलमान म्हातारा गजानन जागीरदार. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची गोष्ट, आणि हिंदीत हिंदूची भूमिका मुसलमान नटाकडे, मुसलमानाची हिंदू नटाकडे. विचार करून केलेली द्विभाषिकता याला म्हणतात. तुमच्याकडे विचार फक्त टपोरीला कुठला गॉगल द्यायचा याचा.

चौपाटीचा_भेळवाला
ऐंशी वर्षांपूर्वीचं उदाहरण काढलं की वाद जिंकता येतो, असा नियम आहे वाटतं इथे.

कंटिन्युइटी_ताई
भेळवाले, उत्तर सुचत नसेल तर भेळ खा. मिरची बरोबर बोलतेय. कोण कुठल्या भाषेत बोलतो हे पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच ठरतं, सेटवर नाही.

पतपेढी_१०१
सगळे डायरीवाल्या सावकारातच अडकलात. मराठी माणूस बुडतो कुठे? सहीत. 'नुसती सही तर करायचीय.'

पतपेढीला साधारण दोन पगारदार जामीनदार लागतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय. आधी कर्जदाराला धरा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की वसुली जामीनदाराकडूनही. कर्जदार पळालेला असतो, जामीनदाराचा पत्ता आणि पगारपत्रक फाइलला असतं. मग पैसे कुणाकडून येणार ते सांगायला नको.

आता सोपं करायला प्रत्येकी एकच जामीनदार धरा, आणि एका ऑफिसातले तिघे घ्या. अ ला ब जामीन, ब ला क, क ला अ. प्रत्येकाला वाटतं आपण दोस्तीखातर सही केली. अ चे हप्ते थकले की ब चा पगार कापतात, म्हणून ब चे हप्ते थकतात, म्हणून क चा पगार. फिरून वसुली अ च्याच दारात, पण आता क चा जामीनदार म्हणून. कुणी वाईट नाही, पिस्तूल नाही, बॅग नाही. तिघे एकाच डब्यात पत्ते खेळत घरी जातात.

पटकथेचा_हमाल
हे मी चोरतोय. आधीच सांगून ठेवतो.

चौपाटीचा_भेळवाला
ठीक आहे, जामीनदारांची साखळी चांगली आहे. म्हणालो. समाधान? पण ती पडद्यावर कळायला पुन्हा तक्ता लागेल, आणि शेवटी या तिघांना पैशाची बॅग सापडल्याशिवाय तुमचा निर्माता चेक फाडणार नाही. लिहून घ्या. एक कोटीची बॅग, लोकलच्या गर्दीत. बसला थ्रिलर.

कंटिन्युइटी_ताई
एक कोटी कुठल्या नोटांत?

चौपाटीचा_भेळवाला
पाचशेच्या. दोन हजारच्या २०२३ मध्येच मागे घेतल्या, एवढं कळतं मला.

कंटिन्युइटी_ताई
मग वीस हजार नोटा, म्हणजे दोनशे बंडलं. नोट साधारण एक ग्रॅमची धरा, नुसता कागद वीस किलोच्या घरात. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, त्याच्यापेक्षा जड. दोन हजारच्या होत्या तेव्हा पन्नास बंडलांत काम व्हायचं, कॉलेजची सॅक पुरायची. आता तुमचा हिरो ती एका खांद्यावर टाकून चालत्या विरार फास्टमध्ये उडी मारणार?

चौपाटीचा_भेळवाला
पन्नास लाख करा.

बूमवाला
घोटभर पाणी प्या आधी, आकडा आवाज असतो म्हणालात ना?

लालबागची_मिरची
आणि ती बॅग उचलणारा हमाल कुठल्या भाषेत बोलतो ते आत्ताच ठरवा.