मदत हवी आहे: ‘द ओपन’च्या विजेत्यांची मराठी यादी

नमस्कार मंडळी. बाबांना गोल्फचं भारी वेड. त्यांच्या पंचाहत्तरीला ब्रिटनमधल्या ‘द ओपन’च्या विजेत्यांची यादी हाताने लिहून, फ्रेम करून द्यायची आहे. पण सुरुवातीलाच अडकले आहे.

१८६० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला फक्त आठ खेळाडू होते. १२ होल्सच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात खेळून विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. तेव्हा करंडक नव्हताच, चांदीचं बक्कल असलेला लाल चामड्याचा पट्टा मिळायचा. १८६८ ते १८७० अशी सलग तीन वर्षं जिंकून तो पट्टा धाकट्या टॉम मॉरिसने कायमचा घरी नेला. मग द्यायला बक्षीसच उरलं नाही आणि १८७१ ला स्पर्धा झाली नाही!

आता हे वर्ष यादीत कोरं ठेवू की कारण लिहू? दुसरं म्हणजे, बापलेक दोघंही टॉम मॉरिस आणि दोघंही चार-चार वेळा विजेते. १८६९ ला तर मुलगा पहिला, वडील दुसरे! ‘थोरले टॉम’ आणि ‘धाकटे टॉम’ असं लिहिलं तर कानाला बरं वाटतं का? कुणी सुचवेल का? कागद एकच आहे, खाडाखोड नको आहे.