थारला विंच लावला, पण केबल जळायला आली. निगेटिव्ह चॅसिसला द्यायचं की थेट बॅटरीला?

काटोलचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, हिंगणा रोडला. संत्र्याची बाग काटोलच्या पुढे, शेवटचा दीड किलोमीटर पांदण रस्ता, सगळी काळी माती. गाडी जुनी डिझेल थार, फोर बाय फोर. गेल्या महिन्यात ९५०० पाउंडचा, म्हणजे साधारण ४३०० किलोचा विंच (फसलेली गाडी दोरानं ओढून काढणारं बॅटरीवरचं यंत्र) बसवला. वायरिंग ओळखीच्या वायरमननं करून दिली.

परवा गाडी नाल्याकाठी एक्सलपर्यंत फसली. बाभळीला पट्टा बांधून ओढली, निघाली. पण अर्ध्या मिनिटातच जळका वास आला. तो आधी माझ्या मुलीला आला, ती बाजूला उभी होती. बॉनेट उघडलं तर बॅटरीवरचं पॉझिटिव्हचं थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) काळं पडलेलं, केबलचं आवरण बोटानं दबत होतं. केबल १६ स्क्वेअर एमएमची. निगेटिव्ह बंपरच्या बोल्टला. मध्ये ना स्विच ना फ्यूज. वायरमन म्हणतो, केबल जाड टाका, बाकी बरोबर आहे. खरंच एवढंच आहे का?

पेंचवारी
भाऊ, तोवर विंच वापरू नका. बॅटरीवरून केबल आजच काढून ठेवा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह.

खाणीतला_वायरमन
मी उमरेडकडे कोळसा खाणीत डंपरच्या वायरिंगवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचं थिंबल वाचून राहवलं नाही.

आधी हिशेब पहा. एवढा विंच पूर्ण जोरात ४०० अँपिअरच्या आसपास ओढतो. तुमच्या केबलचं जाणं-येणं मिळून ४ मीटर धरा. १६ च्या तांब्यात तेवढ्यात पावणेदोन व्होल्ट गळतात आणि जवळपास ७०० वॅटची उष्णता होते, म्हणजे घरची इस्त्री केबलमध्ये बसवल्यासारखं. तीच केबल ५० ची घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या थोडी वर. विंचला व्होल्ट पुरले की तो ओढतोही नीट.

केबल घेताना एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियम आहे, परत करा. वेल्डिंगची लवचिक तांब्याची केबल चालते, फक्त तेल आणि घासणं यापासून जपायची. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परनंच, म्हणजे थिंबल दाबायच्या यंत्रानंच, दाबून घ्या. हातोडीनं ठोकलेलं थिंबल वरून घट्ट दिसतं, आत तारा सैल असतात, आणि तुमचं बहुतेक तिथंच तापलं.

निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, तेवढ्याच जाडीची. बंपरच्या बोल्टवर रंग असतो, गंज असतो. तिथून वाट मिळाली नाही की करंट दुसरी वाट शोधतो, इंजिनची अर्थची पट्टी, क्लचची किंवा गिअरची तार, जे सापडेल ते. अशी गरम झालेली तार मी हातानं काढली आहे.

आता मुख्य गोष्ट, ती तुमच्या वायरमननं सांगितलीच नाही. पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या अगदी जवळ, कट-ऑफ स्विच हवाच. तो विंचचा करंट सोसणारा घ्या, १०० अँपिअरचा लहान कामाचा नाही. विंच वापरतानाच चालू, एरवी बंद. आमच्याकडे एका गाडीत पॉझिटिव्ह केबल पत्र्याच्या कडेवर घासत होती, ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी) नव्हतं. उभ्या गाडीत, चावी काढलेली असताना आग लागली. बॅटरी तोडायला पाना आणेपर्यंत गाडीच्या तारांचं अर्धं जाळं गेलं. माणूस वाचला, पण तो आवाज अजून कानात आहे. म्हणून पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, वर नालीदार पाइप, आणि सायलेन्सरपासून लांब.

पेंचवारी
काका, फ्यूज का नाही सांगितला? मी तर ५०० चा लावला आहे.

खाणीतला_वायरमन
लावला तर चांगलंच. मात्र तो विंचच्या कमाल करंटच्या वरचा हवा, नाहीतर चढावर मध्येच उडेल आणि गाडी तिथंच अडकेल. बॅटरीजवळ बसवा. फ्यूज आहे म्हणून स्विच टाळू नका. कंट्रोल बॉक्समधला सोलेनॉइड (मोटरचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटला तर हातातलं बटण सोडूनही विंच ओढतच राहतो, आणि तेव्हा करंट फ्यूजच्या मर्यादेच्या आतच असतो, म्हणून फ्यूज उडत नाही. स्विचच कामाला येतो.

आणि काटोलकर, इंजिन चालू ठेवूनच ओढा. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारं यंत्र, ४०० अँपिअर देत नाही, उरलेलं बॅटरीतूनच जातं, म्हणून मिनिटभर ओढून थांबा, मोटरला हात लावून पहा. चिखल फार असेल तर स्नॅच ब्लॉक (दोर वळवायची कप्पी) टाकून दोर दुहेरी करा, विंचवरचा भार जवळपास निम्मा होतो. दोर ताणलेला असताना मुलीला गाडीच्या बाजूला नाही, दोराच्या लांबीपेक्षाही दूर उभी करा.

काटोलचा_बागायतदार
काका, मनापासून आभार. आज जुनी केबल खरवडून पाहिली, आतून पांढरीच निघाली. थिंबल ओढलं तर हातात आलं. ५० ची तांब्याची केबल, ग्रोमेट आणि स्विच सांगून आलो, निगेटिव्ह थेट बॅटरीवर घेतो. स्विच बॉनेट न उघडता हाताला लागेल असा कुठं बसवू?

खाणीतला_वायरमन
बॅटरीजवळच ठेवा. केबल लांबवून स्विच आत आणला, तर स्विचच्या आधीची सगळी केबल कायम जिवंत राहते. कामाला लागलात की बॉनेटचा हूक आधीच मोकळा ठेवा आणि मुलीला स्विच कुठं आहे ते दाखवा.

काटोलचा_बागायतदार
दाखवतो. रविवारी बसवतो, कोरड्या वावरात आधी रिकामा ओढून पाहतो.