शब्दचर्चा : 'ईज इन', 'ईज आउट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा :
आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. लेअर, कीफ्रेम किंवा की (वस्तू कोणत्या क्षणी कुठे असावी याची खूण), इफेक्ट हे शब्द तसेच ठेवलेत. 'की टाक', 'इफेक्ट लाव' ही आता मराठीच आहे. अडलंय 'ईज इन' आणि 'ईज आउट'पाशी, म्हणजे हालचालीच्या टोकांना गती हळूहळू वाढवण्या-घटवण्यापाशी. वेब डिझाइन करून आलेल्या मुलांना सीएसएसमुळे (वेबपानांचं रूप ठरवणारी भाषा) 'ईज-इन' म्हणजे संथ सुरुवात हे पक्कं माहीत असतं. इथे कीफ्रेमला 'ईझी ईज इन' दिलं की वस्तू शेवटी मंदावते आणि मुलं गोंधळतात. 'आत-बाहेर' लिहून भागणार नाही. शब्द सुचवा.

प्रतिसाद :
ताई, मुलांचं काही चुकत नाही. दोन्हीकडे बघायची जागाच वेगळी आहे. आफ्टर इफेक्ट्स कीफ्रेमपाशी उभं राहून बघतं : कीकडे येणारी गती ती 'इन', कीपासून पुढे जाणारी ती 'आउट'. हाताने चित्रं काढणाऱ्या ॲनिमेटरांचं 'स्लो इन, स्लो आउट'सुद्धा याच धाटणीचं. मुख्य चित्राच्या आजूबाजूला मधली चित्रं दाट काढायची, म्हणजे तिथे गती कमी भासते. सीएसएस मात्र सबंध हालचाल एक धरतं, तिची सुरुवात 'इन' आणि शेवट 'आउट'. म्हणून सीएसएसचा 'ईज-आउट' परिणाम इथे हवा असेल तर शेवटच्या कीला 'ईझी ईज इन' द्यावं लागतं.

मराठीत नामाच्या मागे न लागता क्रियापद घ्या. गाडी सुटते आणि फलाटाला लागते, तसं 'हळू सुटणे' आणि 'हळू लागणे'. कोणतं टोक, ते क्रियापदच सांगतं.

प्रतिसाद :
'सुटणे' छान आहे, पण 'लागणे' नको. 'इफेक्ट लागला का?' हे आपण दिवसभर म्हणतो. त्याच पानावर 'लेअर हळू लागतो' आलं तर वाचणारा थबकेल. त्यापेक्षा 'संथ निघणे' आणि 'संथ पोचणे' घ्यावं. त्वरण आणि मंदन हे शब्द स्पीड ग्राफ (वेगाचा आलेख) समजावताना कामाला येतील, पण काम करताना 'याला मंदन दे' असं कोणी म्हणणार नाही.

उदाहरणाला बातम्यांचा ॲस्टन घ्या. नावाची पट्टी डावीकडून ८०० पिक्सेल सरकते, २० फ्रेममध्ये. लिनिअर ठेवली तर दर फ्रेमला ४० पिक्सेल, अगदी शेवटपर्यंत, आणि मग एकदम खट्कन थांबते. शेवटच्या कीवर शिफ्ट-एफ९ (ईझी ईज इन) दाबा : सुरुवातीची पावलं ४०पेक्षा मोठी होतात, शेवटची आखडत जातात. पट्टी संथ पोचली. वेळ तेवढाच, २० फ्रेम. मुलांना हे आवर्जून दाखवा, कारण 'संथ' वाचून ती कीफ्रेम लांब ओढतात.

विचारणा करणारी :
'संथ निघणे, संथ पोचणे' पटलं. मग नुसत्या एफ९ला, म्हणजे 'ईझी ईज'ला, 'दोन्हीकडून संथ' चालेल?

प्रतिसाद :
पहिल्या आणि शेवटच्या कीपुरतं चालेल. मधल्या कीला नाही, आणि नवशिक्यांचं काम तिथेच बिघडतं. ईझी ईज दोन्ही बाजूंचा इन्फ्लुअन्स (कीचा परिणाम किती लांबवर पोचतो ते) ३३.३३ टक्के करतं आणि त्या कीवर वेग शून्यावर आणतं. लोगो डावीकडून उजवीकडे तीन कींवर नेला आणि सगळ्या निवडून एफ९ दाबलं, की तो मधोमध थांबतो, मग पुन्हा निघतो. याला 'संथ' म्हणणं पुरेसं नाही; मराठीत 'थबकणे' आहेच. मधल्या कीसाठी 'थबकून पुढे जाते' असं लिहा. थबकायला नको असेल तर ती की रोव्हिंग करायची (तिची वेळ शेजारच्या कींनुसार आपोआप ठरू द्यायची) किंवा स्पीड ग्राफमध्ये तिथली रेघ शून्यावरून वर उचलायची, हेही त्याच ओळीत येऊ द्या.