'उगं बसणं' म्हणजे नेमकं काय?

परभणीकर मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58 पूर्ण झाल्यावर घरी आलो. आदेशात 'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' असं भारदस्त लिहिलं होतं. पण गल्लीत रोज एकच प्रश्न, "गुर्जी, काय करायलाव सध्या?" माझं उत्तर ठरलेलं : "काही नाही, उगंच बसलोय." म्हणताना मान खाली जायची. जणू कुणाचं तरी देणं लागतो.

परवा नातू पडला, गुडघा फुटला. आमच्या घरातली त्याला मांडीवर घेऊन थोपटत होती, "उगी, उगी." आणि मी थबकलो. हा तोच शब्द की दुसरा?

बीडचा मोंढा
उगाच म्हणजे विनाकारण. लई खोल जाऊ नका मास्तर.

जुनी पोथी
खोल जायलाच हवं. उगा, उगी, उगे हे साधं विकारी विशेषण आहे, अर्थ शांत, गप्प. जुन्या मराठीत 'उगा राहणे' म्हणजे बोलणं-हालणं थांबवून राहणं. रडणाऱ्या लेकराला 'उगी' म्हणतो ते हेच. आपल्याकडचं 'उगं' हे 'उगे'चं बोलीतलं रूप. त्याला 'च' चिकटला की घसरण सुरू होते : गप्प, मग काम न करता, मग कारण नसताना. शांत असणाऱ्यावर आपण कधी 'विनाकारण' असल्याचा शिक्का मारला, ते कळलंही नाही.

'बेकार'चं बघा. फारसीत बे-कार म्हणजे कामाविना, एवढंच. मराठीत सिनेमा बेकार, भाजी बेकार, रस्ता बेकार. काम नाही म्हणजे वाईट, हा निकाल आपण शब्दातच लावून ठेवलाय.

'स्वस्थ'ही त्याच रांगेतला. स्व + स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचं वर्णन करताना 'समदुःखसुखः स्वस्थः' येतं. सुश्रुताने निरोगी माणसाची व्याख्या केली, तिच्यात दोष-अग्नी-धातूंच्या बरोबरीने आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणं मोजलं. हिंदीत स्वस्थ म्हणजे तब्येतीने ठणठणीत. आणि आपण? "जरा स्वस्थ बस की!" म्हणजे चुळबुळ करू नकोस. (काही जण 'स्वस्त बस' लिहितात. ते वेगळं प्रकरण, तिथे भाव उतरलेला असतो.)

बीडचा मोंढा
बरं बाबा, हरलो. पण मग 'निवृत्त' शब्द काय वाईट होता?

जुनी पोथी
वाईट कुठंय? निवृत्त म्हणजे परत फिरलेला, मागे वळलेला. 'संपलेला' हा अर्थ कचेरीने दिला. पैठणजवळ गोदाकाठी आपेगाव आहे, तिथल्या घराण्यातल्या थोरल्या मुलाचं नाव निवृत्ती. ज्ञानेश्वर त्यांना गुरू मानतात आणि ज्ञानेश्वरीत स्वतःला 'निवृत्तिदास' म्हणवतात. तिथे हा शब्द मानाचा आहे. आपण मात्र नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना तेवढा तो लिहितो.

परभणीकर मास्तर
दाखल्याचं काय सांगू! बँकेत रांगेत उभा होतो, मी जिवंत आहे हे सिद्ध करायला. पुढचे गृहस्थ म्हणाले, "आपण आहोत हे कागदानं मानलं, आता घरच्यांनी मानलं म्हणजे झालं." सगळे हसले. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो, मी स्वतः तरी मानलंय का? पस्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं पुकारली. आता सकाळी ओसरीवर बसतो, तुळशीपाशी चिमण्या येतात, समोरच्या घरातून ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज येतो. त्यात पुण्य मिळतं का, माहीत नाही. पण घड्याळाकडे बघणं कमी झालंय, एवढं खरं. काल परत कुणी तरी विचारलं. "उगं बसलोय" म्हणालो, 'च' गाळून.

लातूरची आजी
तुमचं वाचून बरं वाटलं, पण एक विचारते. बाईमाणसाचं नियत वयोमान किती? मी कधी नोकरीत नव्हते, म्हणून निवृत्तही झाले नाही. गॅस बंद करून बसले की दोन मिनिटांत उठते, डबे पुसते. सून म्हणते, "आई, बसा ना." मी म्हणते, "उगं बसवत न्हाई गं." बसता येत नाही असं नाही, बसवत नाही. तुमच्या व्याकरणात याला काय म्हणतात?

जुनी पोथी
शक्य क्रियापद, आजी. 'बसवत नाही', 'खाववत नाही', 'बघवत नाही'. शरीर तयार असतं, आतून होत नाही. मास्तरांचा 'च' गळायला वेळ लागला, तुमचा 'वत' त्याहून चिवट दिसतो.

लातूरची आजी
चिवट तर आहेच. बरं, दूध उतू चाललंय, उद्या बोलू.