डर्ट बाईकचा फोमचा एअर फिल्टर: धुवायचा कशाने, बदलायचा कधी?

रानवाट:
मंडळी, एक शंका आहे. जुनी २५० सीसी फोर स्ट्रोक डर्ट बाईक घेतलीय, कार्बवाली (कार्ब्युरेटरची). पिकअप एकदम मेलाय, वरच्या आरपीएमला गुदमरल्यासारखी करते, प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट. सीट काढून एअरबॉक्स उघडला तर आत फोमचा फिल्टर निघाला, वर मातीचा जाड थर आणि हाताला नुसतं चिकट तेल. मला आजवर रस्त्यावरच्या गाडीचा कागदी फिल्टरच माहीत, धूळ झटकायची, जास्तच घाण झाला की नवीन टाकायचा, विषय संपला. हा कॉम्प्रेसरची हवा मारून साफ होतो का की पेट्रोलने धुवू? ते तेल मुद्दाम लावलेलं असतं की इंजिनमधून उडून आलंय? अजून एक, फिल्टरच्या मागे कार्बकडे जाणारा रबरी बूट असतो ना, त्यात बोट फिरवलं तर पिठासारखी बारीक धूळ लागली. एवढी असतेच का? आणि हाच धुवून वापरू की सरळ नवीन घेऊ?

चिखलगाडा:
बाकी सगळं राहू द्या, आधी त्या बुटाचं बघा. तिथे धूळ अजिबात असता कामा नये, अगदी बोटाला जाणवेल एवढीसुद्धा. याचा अर्थ धूळ फिल्टरला चुकवून इंजिनात जातेय. ती रिंगा आणि सिलिंडर घासते, इनटेक व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा खाते, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि गाडी तेल पिते. पिकअप मेला ते फिल्टर चोंदल्यामुळे, हवा कमी पडली की मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) म्हणून प्लग काळा. तो फिल्टर धुतला की सुटेल. पण धूळ आत जाणं हा वेगळाच आजार आहे आणि गाडी मस्त पळत असली तरी तो चालूच राहतो.

तेल मुद्दामच लावलेलं असतं. फोमची छिद्रं मोठी असतात, बारीक धूळ अडते ती त्या चिकट तेलात. म्हणून कोरडा फोम लावून गाडी कधीच चालवायची नाही. आणि कॉम्प्रेसर विसरा, तेलात बसलेली माती हवेने निघत नाही, उलट आणखी आत जाते आणि फोम फाटतो तो वेगळाच.

किकमास्टर:
पेट्रोलने काय होतंय, आम्ही कायम पेट्रोलमध्येच बुचकळतो, पाच मिनिटांत साफ. तेल पण इंजिन ऑइलच लावतो, काही झालं नाही आजपर्यंत.

चिखलगाडा:
@किकमास्टर भाऊ, पेट्रोलने साफ होतो यात वाद नाही, पण फिल्टरचे तुकडे ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो गोंद पेट्रोल सोडवतं, फोमही ठिसूळ पडतो, आणि उघड्या बादलीतल्या पेट्रोलच्या वाफा कुठे जाऊन पेट घेतील सांगता येत नाही. फिल्टर क्लीनर सगळ्यात बरा, नसेल तर रॉकेल, तेही उघड्यावर आणि विस्तवापासून लांब. त्यात बुडवून दाबत राहायचं, पीळ अजिबात द्यायचा नाही, पिळलं की सांधे उसवतात. तेल सुटलं की कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड सोप, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग सावलीत वाळवा, हीटर आणि कडक ऊन नको. पूर्ण वाळल्याशिवाय तेल लावू नका, आत ओल राहिली तर तेवढ्या जागी तेल धरत नाही.

टूस्ट्रोक_वेडा:
इंजिन ऑइलबद्दल मी बोलतो कारण हे जुनं भांडण आहे. अडीअडचणीला काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण पातळ असतं, गाडी उभी राहिली की ओघळून खाली जमतं, वरचा भाग कोरडा आणि एअरबॉक्सच्या तळाशी डबकं. फोम फिल्टरचं खास तेल ओतताना पातळ असतं, नंतर त्यातलं सॉल्व्हंट उडून गेलं की घट्ट चिकट होतं आणि जागेवर राहतं. हातमोजे घाला, नाहीतर दिवसभर हात चिकटत बसतील. तेल ओतून फोम सगळीकडून मळायचा, जास्तीचं दाबून काढायचं. या तेलाला रंग असतो त्याचा फायदा घ्या, फिकट डाग दिसला की तिथे तेल पोचलं नाही. ठिबकत असेल तर जास्त झालं. लगेच बसवून किक मारू नका, थोडा वेळ सुकू द्या.

टू स्ट्रोकवाल्यांनी तर जास्तच जपायचं, आमच्याकडे हवा क्रँककेसमधूनच (इंजिनाचा खालचा भाग, जिथे क्रँक फिरतो) वर जाते, म्हणजे धूळ आधी क्रँकच्या बेअरिंगला भेटते आणि मग पिस्टनला.

चिखलगाडा:
बसवतानाचं राहिलंच की, आणि निम्मी धूळ तिथूनच शिरते. फिल्टर काढल्या काढल्या बुटाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मगच एअरबॉक्स पुसा (गाडी चालू करायच्या आधी फडकं काढायचं, हे सांगावं लागतं). फिल्टरची कडा जिथे टेकते तिथे वॉटरप्रूफ ग्रीसचा पातळ थर. बसवताना कडा दुमडली नाही ना हे बोट फिरवून बघा, वरून नीट दिसतो आणि खालून फट असते, असं हमखास होतं. बूट कार्बला जिथे क्लॅम्पने बसतो आणि एअरबॉक्सला जिथे जोडलाय ते दोन्ही सांधे पण तपासा.

रानवाट:
सगळ्यांचे आभार! रॉकेल आणि साबणाने धुतला, पाणी किती वेळ काळंच येत होतं. वाळल्यावर उजेडासमोर धरला तर सांध्यावर बोटाच्या पेराएवढी फट आहे आणि कडेला चिमटा घेतला की फोमचा चुरा पडतोय. चिकटवून चालेल का?

टूस्ट्रोक_वेडा:
नाही. चुरा पडायला लागला की फोम संपला, तो चुराही इंजिनातच जाणार. सांधा उसवला, भोक पडलं, कडा ढिली झाली, यातलं काहीही दिसलं तर फेकायचा. नवीन घेताना दोन घ्या, एक गाडीत आणि एक तेल लावून झिपच्या पिशवीत तयार. धुळीत फिरून आलात की नुसता बदलायचा, धुणं नंतर सवडीने. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे धूळ खात आलात तर एका राईडमध्येच फिल्टर भरतो, त्यामुळे किती किलोमीटरला धुवायचा हे विचारू नका, उघडून बघायचं.

रानवाट:
दोन मागवतो. पण आत गेलेल्या धुळीचं काय? इंजिन उघडावं लागेल?

चिखलगाडा:
लगेच नको. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) मोजा. इनटेकचा क्लिअरन्स कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह किंवा सीट झिजतेय. जमलं तर लीक डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते बघणं) करून घ्या, नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर जाऊ नका, फोर स्ट्रोकला ऑटो डीकॉम्प्रेशन (किक सोपी जावी म्हणून थोडा दाब आपोआप सोडणारी सोय) असेल तर आकडा मुळातच कमी दिसतो. नवीन फिल्टर टाकल्यावर बुटाच्या आतून ग्रीसचं बोट फिरवून ठेवा आणि एक राईड मारून उघडा. ग्रीसला धूळ चिकटली तर फट अजून कुठेतरी आहे, ती सापडेपर्यंत गाडी धुळीत नेऊ नका.