नणंद ताटावर जेवत नाही, रात्री चोरून खाते. घरच्यांना कसं समजवू?

आम्ही परभणीचे. नणंद २४ वर्षांची, अंगानं भरलेली, सध्या स्थळं बघणं चालू आहे. पाहुणे पोहे-चहा घेऊन जातात आणि मध्यस्थाकडून निरोप येतो, "पोरगी चांगली हाय, पण अंगानं लई हाय." (पोराचं पोट कुणी बघत नाही, ते असो.) असा निरोप आला की सासूबाई तिच्या ताटातली भाकरी उचलतात. "आता तरी तोंडाला आवर घाल की." त्यात चुलत बहिणीचं नुकतंच लग्न झालं, तिचे फोटो ही स्टेटसला तासन्‌तास बघत बसते. दिवस ताकावर काढते आणि सगळे झोपले की फरसाण, शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पोट दुखेपर्यंत. सकाळी डबा रिकामा दिसला की परत बोलणी.

ज्या दिवशी कुणी काही बोलत नाही, त्या दिवशी ती नीट जेवून उठते, हे मी बघायलेय. पण सासूबाई म्हणतात, बोललं नाही तर आणखी सुटंल. त्यांना उलट बोलणं मला जमणार नाही. काय सांगू? आणि दाखवायचं कुणाला?

उत्तर १
ताई, तुमचं बरोबर आहे. २०११ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता. जाड माणसांची टिंगल असलेली चित्रफीत बघून जास्त वजनाच्या बायकांनी जे खाल्लं, ते साधी चित्रफीत बघणाऱ्या तशाच बायकांच्या तिपटीहून जास्त कॅलरींचं होतं. मनाला लागलं की अंगात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं, गोड-तेलकट खावंसं वाटतं. त्यात ही दिवसभर उपाशी. रात्री डबा उघडणारच.

सासूबाईंना प्रयोगबियोग सांगू नका. "रात्रीचं खाणं बंद करायचंय ना, मग दुपारी पोटभर वाढू," एवढंच म्हणा.

उत्तर २
मग वजनाचं काय? आमच्याकडं शुगर घरोघरी आहे.

उत्तर १
तपासण्या कराच, थायरॉइडसकट. पण पोट दुखेपर्यंत खाणं आवरत नसेल आणि नंतर स्वतःचीच घृणा येत असेल तर तो बिंज ईटिंगचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन मात्र तिला विचारूनच लावा.

धागाकर्ती
दुपारचं जमवते. रविवारी परत पाहुणे यायलेत, तेव्हा मध्यस्थाला आधीच काही सांगून ठेवावं का?